साधनांची निवड आणि नोंद

शिवाजी महाराजांच्या जन्मतिथीचा वाद मराठी इतिहाससंशोधनात विसाव्या शतकाचा बहुतेक भाग चालू होता. उत्तरकालीन बखरींनी शके १५४९ मधला वैशाख सांगितला होता आणि तोच दीर्घकाळ सर्वमान्य होता. भोरजवळच्या कारी गावच्या जेधे देशमुखांच्या दप्तरातली शकावली लोकमान्य टिळकांनी १९१६ साली प्रसिद्ध केली. तिच्यात फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ अशी नोंद होती, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०. पुढे १९२७ साली कवींद्र परमानंदाचे ‘शिवभारत’ छापले गेले. त्याचे हस्तलिखित तंजावरकडचे होते आणि त्यातही हीच तिथी होती. राजस्थानात मिळालेल्या एका जुन्या कुंडलीसंग्रहानेही तिला दुजोरा दिला. साधनांची नुसती मोजदाद केली असती तर वैशाखाची बाजू भरली असती, कारण ती तिथी सांगणाऱ्या बखरी संख्येने कमी नव्हत्या. पण त्या बखरी घटनेपासून दूरच्या काळात लिहिलेल्या होत्या आणि एकमेकींवरून माहिती उचलत आल्या होत्या. उलट कारी, तंजावर आणि राजस्थान इथल्या साधनांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता, तरी ती एकच तिथी सांगत होती. निर्णय झाला तो साधनांचे वय, त्यांचे परस्परांपासूनचे स्वातंत्र्य आणि त्यांच्या लेखकांचा हेतू या तीन गोष्टी तपासून झाला.

या पुस्तकाचा विषय म्हणजे हीच तपासणी. शोधनिबंधासाठी साधने कशी निवडावीत आणि निवडलेली साधने कशी नोंदवावीत हा प्रश्न आपल्याकडे बहुधा नियमांचा प्रश्न म्हणून शिकवला जातो. स्वल्पविराम कुठे द्यायचा, वर्ष कंसात घालायचे की नाही, पृष्ठक्रमांक कसा लिहायचा, एवढ्यावर तो संपतो. सूची सर्वांत शेवटी केली जाते आणि परीक्षकही ती सर्वांत शेवटी पाहतो. माझे म्हणणे याच्या उलट आहे. निबंधाचा युक्तिवाद साधनांच्या निवडीपासूनच सुरू होतो आणि सूची हा त्या युक्तिवादाचा उघड केलेला पाया असतो. कोणतेही साधन जन्मतः चांगले किंवा वाईट नसते. ते अमुक एका प्रश्नासाठी उपयोगाचे असते किंवा नसते. जी उत्तरकालीन बखर जन्मतिथीसाठी निरुपयोगी, तीच अठराव्या-एकोणिसाव्या शतकातल्या समाजाने शिवकाळ कसा आठवला हे पाहणाऱ्याला अव्वल दर्जाचे साधन ठरते. प्रश्न बदलला की साधनाचा दर्जा बदलतो. हे एकदा मनात रुजले की ‘विश्वसनीय साधनांची यादी द्या’ ही विद्यार्थ्यांची नेहमीची मागणी अपुरी का आहे तेही लक्षात येते.

साधनांचा हा विचार आपल्याकडे पाश्चात्त्य विद्यापीठांबरोबर आला असा समज आहे. तो खरा नाही. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या लीळा गोळा केल्या तेव्हा त्यांनी प्रत्यक्ष पाहणाऱ्या-ऐकणाऱ्या अनुयायांकडे जाऊन त्या मिळवल्या आणि नागदेवाचार्यांकडून पडताळून घेतल्या, असे महानुभाव परंपरा सांगते. लीळाचरित्राच्या पोथ्यांमध्ये एकाच लीळेची निरनिराळ्या व्यक्तींनी सांगितलेली वेगवेगळी रूपे नोंदवलेली आढळतात. जुळत नाही म्हणून एक रूप दडपून टाकले नाही, दोन्ही ठेवली. संस्कृत धर्मशास्त्रातले निबंधकार तर आधार दिल्याशिवाय एक पाऊलही पुढे टाकत नसत. पैठणहून काशीला गेलेल्या भट्ट घराण्यातल्या कमलाकरभट्टाचा १६१२ मधला ‘निर्णयसिंधु’ उघडला की स्मृती, पुराणे आणि आधीच्या निबंधांची नावे पानोपानी दिसतात. त्या नावांचा खरा उपयोग काही शतकांनी झाला. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासाचे पाच खंड १९३० ते १९६२ या काळात लिहिले. कोण कोणाला उद्धृत करतो आणि कोणाला ओळखतही नाही, यावरून त्यांनी कित्येक ग्रंथकारांच्या काळाच्या मर्यादा ठरवल्या. आपला आधार कोणता हे प्रामाणिकपणे सांगणारा लेखक, स्वतःला कल्पनाही नसलेल्या प्रश्नांची उत्तरे पुढच्यांसाठी ठेवून जातो. सूचीचे महत्त्व सांगताना मला याहून मोठा पुरावा माहीत नाही.

युरोपात या विचाराचे दोन प्रवाह वेगळे वाढले आणि ते वेगळे ओळखणे नवख्या वाचकाला फार उपयोगी पडते. पहिला प्रवाह सर्वसंग्राहक सूचीचा. झुरिकच्या कोनराड गेस्नरने १५४५ मध्ये लॅटिन, ग्रीक आणि हिब्रू भाषांतल्या ग्रंथांची प्रचंड सूची छापली. तीत त्याने चांगले-वाईट असा भेद केला नाही. निवड वाचकाने करावी, सूचीने काही लपवू नये, ही त्याची भूमिका. दुसरा प्रवाह चिकित्सेचा. पिएर बेलच्या १६९७ मधल्या कोशात मूळ मजकुरापेक्षा टिपाच जास्त जागा व्यापतात आणि त्या टिपांत साधनांची उलटतपासणी चालते. १८२४ साली लिओपोल्ड फॉन रांकेने आपल्या पहिल्या ग्रंथाला जोडून आधीच्या इतिहासकारांची साधने तपासली. पुढे समकालीन कागदपत्रांवर आधारलेला इतिहास हा विद्यापीठीय संशोधनाचा आदर्श बनला. पहिला प्रवाह विचारतो, काय काय उपलब्ध आहे? दुसरा विचारतो, त्यातले कशावर विसंबावे? शोधनिबंधाला दोन्ही लागतात आणि क्रमही हाच लागतो. उपलब्ध साधने पुरती पाहण्याआधीच निवड केली की ती निवड राहत नाही, हाताशी लागलेल्या वस्तूचे समर्थन होते.

मराठीत हा सगळा प्रवास विलक्षण वेगाने आणि विलक्षण जिद्दीने झाला. ग्रँट डफचा मराठ्यांचा इतिहास १८२६ मध्ये निघाला. त्याने मेहनतीने साधने जमवली होती, पण अनेक ठिकाणी त्याच्या तळटीपेत नुसती ‘मराठी हस्तलिखिते’ एवढीच नोंद आहे. कोणते हस्तलिखित, कोणाकडचे, कधीचे, हे वाचकाला कळायला मार्ग नाही. अशा नोंदीवर श्रद्धा ठेवता येते, ती तपासता येत नाही. १८६० च्या दशकात नीळकंठ जनार्दन कीर्तने या तरुणाने डफच्या ग्रंथावर जी टीका लिहिली तिने मराठी माणसाला आपल्या इतिहासाची साधने आपणच शोधली पाहिजेत याची जाणीव दिली. १८७८ साली ‘काव्येतिहाससंग्रह’ मासिक सुरू झाले आणि बखरी, पत्रे, यादी छापून निघू लागल्या. मिरजेचे वासुदेवशास्त्री खरे पटवर्धनांच्या दप्तरात बुडून गेले. १८९८ साली वि. का. राजवाडे यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला. १७५० ते १७६१ या काळातल्या पत्रांचा तो खंड आणि त्याची दीर्घ प्रस्तावना यांनी बखरींची सत्ता मोडून काढली. अस्सल समकालीन पत्राचा एक तुकडा साऱ्या बखरींच्या एकमुखी साक्षीपेक्षा भारी, हा राजवाड्यांचा आग्रह होता. १९१० साली त्यांनी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभे करण्यात पुढाकार घेतला तो याच आग्रहापोटी.

राजवाड्यांचा हा आग्रह आज जसाच्या तसा स्वीकारता येत नाही, हे मात्र मी स्पष्ट म्हणेन. समकालीन कागदही खोटे बोलतात. वतनाच्या भांडणात बनावट महजर आणि जुन्या तारखेची पत्रे तयार झाल्याची उदाहरणे मराठी कागदपत्रांत पुरेशी आहेत. आणि अस्सल पत्राचा लेखकसुद्धा कोणाला तरी काहीतरी पटवून देण्यासाठीच लिहीत असतो. रणांगणावरून धन्याला लिहिणारा सरदार आपला पराभव आखडताच सांगणार. राजवाड्यांनी साधनांच्या दर्जाची उतरंड दिली. नंतरच्या पिढीने त्या उतरंडीला प्रश्नाची जोड दिली. गो. स. सरदेसाई यांनी पेशवे दप्तरातून निवडलेले पंचेचाळीस भाग १९३० ते १९३४ या काळात मुंबई सरकारने छापले. कागदांच्या हजारो रुमालांतून केलेली ती निवड होती आणि तिने संशोधनाचे दार उघडले यात शंका नाही. पण राजकारण आणि मोहिमा समोर ठेवून केलेल्या निवडीत गावची जमाबंदी, बलुत्यांचे वाद, स्त्रियांच्या फिर्यादी यांना दुय्यम जागा मिळणे अपरिहार्य होते. पुढे सामाजिक आणि आर्थिक इतिहास लिहू पाहणाऱ्यांना त्या छापील भागांच्या मागे जाऊन मूळ मोडी रुमालच सोडावे लागले. छापील साधनसंग्रह वापरताना ही निवड कोणी, कोणत्या प्रश्नासाठी केली, हे विचारायलाच हवे.

त्र्यं. शं. शेजवलकर यांचे उदाहरण या संदर्भात मला सर्वांत मोलाचे वाटते. त्यांचे संकल्पित शिवचरित्र लिहून झाले नाही. १९६३ मध्ये ते गेले आणि पुढच्या वर्षी जे प्रसिद्ध झाले ते त्या चरित्राची प्रस्तावना, आराखडा आणि साधने. चरित्र नाही, पण साधने आहेत, आणि शिवकाळाचा अभ्यासक आजही त्या ग्रंथाकडे वळतो. निष्कर्ष कालबाह्य होतात. नीट निवडलेली आणि नीट नोंदवलेली साधने पुढच्या माणसाला वेगळा निष्कर्ष काढण्यासाठीही उपयोगी पडतात.

साधनांची तुलना हे स्वतंत्र शास्त्र कसे बनते हे पाहायचे तर पुण्याच्याच भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराकडे पाहावे. महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीचे काम तिथे १९१९ साली सुरू झाले. १९२५ पासून वि. स. सुकथनकर त्याचे प्रमुख संपादक होते आणि १९६६ मध्ये ते पुरे झाले. शारदा, नेवारी, बंगाली, देवनागरी, तेलुगू, ग्रंथ, मल्याळम अशा लिप्यांतल्या शेकडो पोथ्या समोर होत्या. ज्या पाठाच्या बाजूने पोथ्या जास्त तो पाठ खरा, असे म्हटले असते तर काम फार सोपे झाले असते. पण एका मूळ प्रतीवरून उतरवलेल्या पन्नास पोथ्या मिळून एकच साक्ष देतात. म्हणून आधी पोथ्यांची वंशावळ, मग त्यांचे वजन. शिवाय न स्वीकारलेले पाठ पानाच्या तळाशी ठेवले आणि वगळलेले मोठे भाग परिशिष्टात दिले. सुकथनकरांशी असहमत होणाऱ्या अभ्यासकाला लागणारी सामग्री सुकथनकरांच्याच आवृत्तीत मिळते. सूची कशासाठी असते, या प्रश्नाचे मला माहीत असलेले हे सर्वांत उदार उत्तर आहे. ती वाचकाच्या असहमतीच्या हक्कासाठी असते.

गेस्नरच्या प्रवाहातले मराठी नाव शंकर गणेश दाते. १८०० ते १९३७ आणि पुढे १९३८ ते १९५० या काळातल्या मराठी मुद्रित ग्रंथांची त्यांची सूची हे एका माणसाच्या ध्यासाचे काम आहे. तिच्याच जोडीला मराठी नियतकालिकांची सूची उभी राहिली. आजचा विद्यार्थी एखाद्या विषयावर मराठीत काहीच लिहिले गेलेले नाही असे आपल्या निबंधाच्या पहिल्याच पानावर बिनदिक्कत लिहितो, तेव्हा त्याने बहुधा दाते उघडलेले नसतात. ‘विविधज्ञानविस्तार’सारख्या मासिकांनी दशकानुदशके जे छापले ते संगणकाच्या शोधखिडकीत सापडत नाही. जे तिथे सापडत नाही ते अस्तित्वातच नाही, असे मानणे ही आजच्या संशोधनातली सर्वांत घातक सवय आहे.

ही सवय कशी लागली हे समजण्यासाठी विसाव्या शतकाच्या मध्याकडे जावे लागते. १९५५ साली यूजीन गारफिल्ड यांनी विज्ञानातल्या शोधनिबंधांसाठी उद्धरणसूचीची कल्पना मांडली. कोणत्या निबंधाने कोणाचा आधार घेतला हे नोंदवले तर एका निबंधावरून त्याच्यावर आधारलेले पुढचे सगळे निबंध शोधता येतील, हा तिचा गाभा. १९६० च्या दशकात ती सूची प्रत्यक्षात आली. शोधाचे साधन म्हणून ती थोर होती. पण उद्धरणे मोजता येऊ लागली आणि मोजता येणारी गोष्ट लवकरच मोलाचे माप बनली. ज्याला जास्त लोकांनी उद्धृत केले तो निबंध मोठा, ज्या नियतकालिकातले निबंध जास्त उद्धृत होतात ते नियतकालिक मोठे, आणि त्यात छापणारा प्राध्यापक बढतीला पात्र. साधनाचे प्रश्नाशी असलेले नाते बाजूला पडले आणि त्याच्या अंगावरचा शिक्का पाहिला जाऊ लागला.

आपल्याकडे या शिक्क्याचे काय झाले ते अलीकडचेच आहे. नेमणुका आणि पदोन्नत्यांसाठी निबंध छापणे सक्तीचे झाले, तशी पैसे घेऊन काहीही छापणारी नियतकालिके उगवली. विद्यापीठ अनुदान आयोगाने मान्यताप्राप्त नियतकालिकांची यादी केली. विद्यापीठांनी सुचवलेल्या आणि कोणत्याही मोठ्या सूचीत नसलेल्या नियतकालिकांचा नमुना पुण्यातल्या अभ्यासकांनी तपासला, तेव्हा त्यातली ८८ टक्क्यांहून अधिक निकृष्ट असू शकतात असे निष्पन्न झाले. तो अभ्यास २०१८ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये आला. त्याच वर्षी आयोगाने ४,३०५ नियतकालिके यादीतून काढली. पुढच्या वर्षी ‘केअर’ नावाची नवी यादी आली, तिचे काम सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातल्या केंद्राकडे होते, आणि २०२५ मध्ये आयोगाने तीही बंद केली. या यादीकारांच्या हेतूबद्दल मला आदर आहे. पण यादी मोठी असो वा काटेकोर, निबंध वाचून त्याची पारख करण्याचे काम ती वाचकाच्या वतीने करू शकत नाही. नामांकित नियतकालिकही चुकते. गोवर-गालगुंड-रुबेलाच्या लसीचा स्वमग्नतेशी संबंध सुचवणारा निबंध १९९८ मध्ये ‘लॅन्सेट’सारख्या मातबर नियतकालिकात आला होता. तो फक्त बारा मुलांच्या निरीक्षणावर आधारलेला होता आणि मागे घ्यायला २०१० साल उजाडले.

न वाचता उद्धृत करण्याची रीत किती खोल गेली आहे याचा एक अस्वस्थ करणारा पुरावा २००३ मध्ये सिमकिन आणि रॉयचौधरी या दोन अभ्यासकांनी दिला. एका प्रसिद्ध निबंधाच्या सुमारे ४,३०० उद्धरणांपैकी १९६ मध्ये छपाईच्या चुका होत्या, आणि त्यातली एकच चूक ७८ वेळा जशीच्या तशी आली होती. अठ्ठ्याहत्तर लेखकांकडून स्वतंत्रपणे तोच आकडा चुकणे शक्य नाही. दुसऱ्याच्या सूचीवरून नोंद उतरवली गेली, मूळ निबंध उघडलाच गेला नाही. त्यांचा अंदाज असा की उद्धृत करणाऱ्यांपैकी जेमतेम पाचव्या हिश्श्याने मूळ वाचले असावे. पालकाच्या भाजीतले लोह दशांशचिन्ह चुकल्यामुळे दहापट सांगितले गेले, ही गोष्ट शास्त्रीय चुकीचा धडा म्हणून वर्षानुवर्षे सांगितली गेली. पुढे शोध घेतला तेव्हा त्या दशांशचिन्हाच्या चुकीलाच पुरावा सापडला नाही. चूक दाखवणाऱ्यांनीही मूळ पाहिले नव्हते. एका मोठ्या प्रकाशनसंस्थेने लेखकांना नमुना म्हणून दिलेली काल्पनिक निबंधाची नोंद शेकडो निबंधांच्या सूचीत खऱ्या साधनासारखी शिरली, हीही त्याच रोगाची खूण. हे सगळे कृत्रिम बुद्धिमत्तेच्या आधीचे आहे. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयात वकिलांनी यंत्राने रचलेले, अस्तित्वातच नसलेले निवाडे दाखल केले आणि त्यांना ५,००० डॉलर दंड झाला, तेव्हा जगाला धक्का बसला. यंत्राने नवे पाप आणले नाही. न पाहता नोंदवण्याची जी सवय आधीच होती तिला त्याने गती दिली. म्हणून विषय आज तातडीचा आहे. नोंद अस्सल दिसते की नाही यावरून आता काहीच कळत नाही. मूळ उघडून पाहिल्याशिवाय खात्रीचा दुसरा मार्ग उरलेला नाही.

यावर वैद्यकशास्त्राने शोधलेला एक उपाय इतर शाखांनी मनापासून शिकावा असा आहे. १९९३ मध्ये सुरू झालेल्या कॉक्रेन संघटनेने पद्धतशीर आढाव्याची रीत रुजवली. कोणत्या सूचींत, कोणते शब्द घालून, कोणत्या तारखेपर्यंत शोध घेतला, किती निबंध मिळाले, किती वगळले आणि का, हे सगळे लिहूनच निष्कर्षाकडे यायचे. इतिहास किंवा साहित्याच्या निबंधाला ही रीत जशीच्या तशी लागू पडत नाही, कारण तिथे साधने एकसारखी नसतात. पण वगळले काय आणि का, हे सांगण्याची शिस्त सगळीकडे लागू पडते. सुकथनकरांनी पानाच्या तळाशी जे केले तेच हे.

या भूमिकेवर तीन आक्षेप येतात आणि ते हलके नाहीत. पहिला असा की साधनांची ही सगळी चिकित्सा लिखितावर उभी आहे, आणि लेखणी ज्यांच्या हाती नव्हती त्यांचा इतिहास तिच्यातून निसटतो. हा आक्षेप बरोबर आहे. दप्तरे राज्यकर्त्यांची, वतनदारांची आणि सावकारांची होती. पण त्याचे उत्तर साधनचिकित्सा सोडून देणे हे नाही. गी पॉइटविन आणि हेमा राईरकर यांनी ग्रामीण महाराष्ट्रातल्या जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, तेव्हा ओवीबरोबर गाणाऱ्या बाईचे नाव आणि गाव नोंदवले. ‘लोकगीत’ म्हणून सगळ्यांना एका अनाम ढिगात टाकले असते तर त्या बायका दुसऱ्यांदा अदृश्य झाल्या असत्या. मौखिक साधनाला उलट जास्त काळजीपूर्वक नोंद लागते. कोणी सांगितले, कोठे, कधी, कोणासमोर, कोणाच्या परवानगीने.

दुसरा आक्षेप साधनांच्या उपलब्धतेचा. तालुक्याच्या महाविद्यालयातल्या विद्यार्थ्याला परदेशी नियतकालिके परवडत नाहीत, जिल्ह्याच्या ग्रंथालयातली जुनी मासिके वाळवीने खाल्लेली, आणि पुण्या-मुंबईच्या संग्रहांपर्यंत जाण्याचे भाडे खिशातून द्यायचे. त्याच्याकडून साधनांच्या चिकित्सेची अपेक्षा करणे अन्याय नाही का? अन्याय आहे, पण तो साधने न मिळण्यात आहे, चिकित्सेत नाही. ‘शोधगंगा’वरचे प्रबंध, संगणकावर चढवलेली जुनी मराठी पुस्तके, मराठी विश्वकोशाचे खुले खंड यांमुळे परिस्थिती बदलते आहे. आणि गावातल्या देवस्थानाचे दप्तर, सहकारी संस्थेची कार्यवृत्ते, जिल्हा परिषदेची जुनी टिपणे ही साधने त्याच्याच आवाक्यात आहेत, मोठ्या विद्यापीठाच्या आवाक्यात नाहीत. प्रश्न साधनांच्या जवळ आणला तर दूरचा विद्यार्थी मागे राहत नाही. जे पाहता आले नाही ते पाहिले नाही असे लिहिण्यात कमीपणा नाही. दुसऱ्याच्या ग्रंथातून घेतले असेल तर त्या दुसऱ्याचे नाव द्यावे, एवढेच पुरते.

तिसरा आक्षेप नोंदीच्या कवायतीबद्दल आहे: कंस-स्वल्पविरामांच्या इतक्या निरनिराळ्या रीती हव्यातच कशाला? लेखकाचे आडनाव आणि वर्ष मजकुरातच देण्याची रीत १८८१ मध्ये हार्वर्डच्या एका प्राणिशास्त्रज्ञाने वापरली. शिकागोच्या नियमावलीची पहिली आवृत्ती १९०६ ची, मानसशास्त्रज्ञांची रीत १९२९ ची, वैद्यकातली व्हँकूव्हर रीत १९७८ ची. प्रत्येक रीत आपापल्या शाखेच्या गरजेतून आली. विज्ञानाला वर्ष महत्त्वाचे, म्हणून ते पुढे. इतिहासाला दप्तर आणि रुमाल महत्त्वाचे, म्हणून तळटीप लांब. रीत कोणती यावर भांडण्यात अर्थ नाही, एका निबंधात एकच असावी एवढे पुरे. मराठी साधनांच्या अडचणी मात्र या कोणत्याच नियमावलीत नाहीत, आणि तिथे आपल्यालाच विचार करावा लागतो. तुकारामांचा अभंग उद्धृत करताना क्रमांक देऊन भागत नाही, कारण १८६९ ची इंदुप्रकाश प्रत आणि १९५० ची सरकारी प्रत यांचे क्रमांक वेगळे. आवृत्ती सांगितली नाही तर क्रमांक निरर्थक. संतांना आडनावाखाली कसे लावायचे? मुखपृष्ठावर सालच नसलेल्या पुस्तकाचे काय करायचे? शकाचे इसवी सनात रूपांतर करताना चैत्र ते पौषाच्या बहुतेक भागात ७८ आणि त्यानंतर ७९ मिळवावे लागतात, म्हणून शके १५५१ चा फाल्गुन १६३० मध्ये पडतो. शिवाय शिवजन्माची १९ फेब्रुवारी ही तारीख जुन्या जुलियन पंचांगाची, आजच्या पद्धतीने ती १ मार्च होते. म्हणून मूळ नोंदीतली तिथी आधी द्यावी आणि रूपांतर नंतर. रूपांतरात चूक झाली तरी वाचकाच्या हाती मूळ राहते.

हे पुस्तक पदव्युत्तर विद्यार्थी, पहिला निबंध लिहिणारा शिक्षक आणि विद्यापीठाबाहेर राहून संशोधन करणारा जाणकार अशा तिघांसाठी लिहिले आहे. त्यात इतिहास, साहित्य आणि समाजशास्त्रे यांतली उदाहरणे मुख्यतः मराठी मुलखातली घेतली आहेत. प्रयोगशाळेतल्या विज्ञानांना आणि कायद्याला स्वतंत्र ग्रंथ हवा, त्यांना इथे ओझरता स्पर्श आहे. कोणत्याही एका नियमावलीचा पुरस्कार केलेला नाही. जिथे जाणकारांत मतभेद आहेत तिथे दोन्ही बाजू दिल्या आहेत आणि माझी बाजू कोणती तेही सांगितले आहे. प्रत्येक प्रकरण एका संशोधनप्रश्नापासून सुरू होते. त्या प्रश्नासाठी कोणती साधने मिळू शकतात, त्यातली कोणती घेतली, कोणती वगळली आणि वगळण्याचे कारण काय, असा क्रम पुढे येतो. वगळलेल्या साधनांना घेतलेल्यांइतकीच जागा दिल्यामुळे पुस्तक थोडे जाड झाले आहे, आणि काही वगळण्यांशी वाचक सहमत होणार नाही हे गृहीत धरले आहे. त्यासाठी लागणारी पृष्ठे आणि आवृत्त्या त्या-त्या ठिकाणीच दिल्या आहेत.